अमेरिकेतील संवर्धन क्रूमध्ये एक हंगाम: जाणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

पाऊलखूण

हिवाळा ओसरू लागला की अठरा ते पंचवीस वयाची मुले-मुली आणि त्यांचे आईवडील साधारण एकच प्रश्न विचारू लागतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत आणि वनक्षेत्रांत पायवाटा बांधणाऱ्या, परकी झुडपे काढणाऱ्या, वणव्यानंतर जमीन सावरणाऱ्या तरुणांच्या ज्या तुकड्या असतात, ज्यांना तिकडे सर्रास क्रू म्हणतात, त्यांत एक हंगाम काढावा का? मी पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात आधी अशा क्रूमध्ये आणि पुढे क्रू लीडर म्हणून काम केले आहे, आणि या कामाबद्दल मला मनापासून आस्था आहे. म्हणून हा धागा काढते आहे. इतरांनीही आपापले अनुभव आणि आक्षेप मोकळेपणाने लिहावेत.

माझे उत्तर असे आहे की जरूर जावे, पण काम शिकायला जावे. क्रूंच्या जाहिरातींत सूर्योदय, बर्फाची शिखरे आणि हसरे चेहरे असतात. त्यात खोटे काही नाही, परंतु दिवसाचे दहा तास माणूस त्या शिखरांकडे पाठ करून वाकलेला असतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर हातभर माती असते. त्या हातभर मातीत ज्याला रस वाटू लागतो त्याचा हंगाम फार चांगला जातो. ज्याला वाटत नाही तो काही आठवड्यांतच उरलेले दिवस मोजू लागतो, मग भोवतालचा निसर्ग कितीही देखणा असो.

क्रू साधारण सहा ते दहा जणांचा असतो आणि त्यात एक किंवा दोन लीडर असतात. कामाच्या सलग फेरीला हिच म्हणतात. आठ दिवस काम व सहा दिवस सुट्टी, नऊ व पाच, किंवा दहा-दहा तासांचे चार दिवस व तीन दिवस सुट्टी, अशा पद्धती प्रचलित आहेत. हिचवर मुक्काम तंबूत असतो, आणि गाडी जिथवर जाते तिथून पुढे अवजारे, शिधा व सामान पाठीवर किंवा खेचरांवर न्यावे लागते.

पायवाटेचे काम हे मुळात पाण्याचे काम आहे, ही गोष्ट बाहेरून कधीच लक्षात येत नाही. हजारो पावलांनी वाट मधोमध दबते आणि तिची पन्हळ होते. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी त्या पन्हळीतून धावू लागते, माती वाहून जाते, मुळे आणि दगड उघडे पडतात, मग चालणारे लोक सोयीसाठी कडेने चालू लागतात, गवत तुडवले जाते आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात. हे थांबवायचे तर वाटेची दरीकडची बाजू शेकडा पाचच्या आसपास कलती ठेवावी लागते, म्हणजे पाणी वाटेवर न रेंगाळता आडवे ओलांडून निघून जाते. शिवाय ठरावीक अंतरावर चढ किंचित मोडून असा खोलगट भाग घडवावा लागतो की तिथून पाण्याला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर राहणार नाही. नवी वाट आखताना तिचा चढ डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवतात, कारण त्याहून जास्त ठेवला तर पाणी वाट ओलांडत नाही, वाटच धरते. पावसात उभे राहून पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे पाहणे हा आमच्या प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग होता, आणि मी लीडर झाल्यावर पाऊस आला की कामाला धोका नसेल तर क्रूला मुद्दाम वाटेवर घेऊन जात असे.

जिथे चढ टाळताच येत नाही तिथे दगडी पायऱ्या बसवतात. चार-पाच माणसे लोखंडी पहारींनी मोठा दगड सरकवत आणतात, त्याच्या बुडाच्या आकाराचा खड्डा खणतात, दगड बसवतात, कोणीतरी त्यावर उभे राहून अंग डोलवून पाहते, दगड केसभर हलला की पुन्हा उचलतात. दगडाचा मोठा भाग जमिनीत जातो आणि वर जेवढा दिसतो तेवढीच पायरी. चुन्या-सिमेंटावाचून रचलेल्या भिंतीत सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, भिंत डोंगराकडे कलती ठेवायची, मागची पोकळी मातीने न भरता ठेचलेल्या दगडांनी भरायची. हे नियम एका दिवसात पाठ होतात, पण हाताला कळायला हंगाम लागतो. एका चांगल्या पायरीला अख्खा दिवस गेला तर लीडरने तक्रार करू नये, असे माझे ठाम मत आहे.

सावली

आपण इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल आभार. माझी मुलगी यंदा शाळा संपवून कॉलेजला जाण्याआधी एक वर्ष थांबू इच्छिते आणि अशाच एका क्रूसाठी तिने अर्ज भरला आहे. तिच्या इच्छेला माझा विरोध नाही, पण मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पहिली, जिथे फोन लागत नाही अशा ठिकाणी कोणी जखमी झाले तर काय करतात. दुसरी, क्रूमध्ये मुलींची संख्या कमी असली तर त्यांना कितपत सुरक्षित वाटते. तिसरी, हे वर्ष पुढच्या शिक्षणाच्या दृष्टीने वाया गेले असे तर होणार नाही. तिच्या वडिलांची काळजी मुख्यतः तिसऱ्या गोष्टीची आहे, माझी पहिल्या दोन गोष्टींची.

दगडफूल

सुरक्षिततेबद्दल पाऊलखूण लिहितीलच. मी या क्रूंचा थोडा इतिहास लिहितो, कारण वर्ष वाया जाण्याच्या शंकेचा त्याच्याशी संबंध आहे.

तरुणांना पगार देऊन जंगलात कामाला पाठवण्याची कल्पना मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आली ती १९३३ साली, महामंदीच्या काळात. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर महिन्याभराच्या आत कायदा झाला आणि १७ एप्रिल १९३३ रोजी व्हर्जिनियातल्या जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्रीय वनात पहिली छावणी उघडली. हीच सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर. सुरुवातीला अठरा ते पंचवीस वयाचे अविवाहित, बेकार तरुण घेत. महिना ३० डॉलर मिळत आणि त्यांतले साधारण २५ परस्पर घरी पाठवले जात. १९४२ मध्ये युद्धामुळे ती बंद होईपर्यंत सुमारे ३० लाख तरुणांनी तिथे काम केले आणि ३०० कोटींच्या घरात झाडे लावली. अमेरिकेतल्या कितीतरी उद्यानांत आजही वापरात असलेले दगडी पूल, पायऱ्या, निवारे आणि पायवाटा त्यांच्या हातच्या आहेत. त्यातल्या बहुतेकांना आधी कोणतेही कसब येत नव्हते. स्थानिक गवंडी, सुतार आणि लाकूडतोडे यांना कामावर घेऊन त्यांच्याकडून या मुलांना शिकवले गेले. पाऊलखूण काम शिकण्याबद्दल जे म्हणतात त्याचे मूळ मला इथे दिसते.

मात्र त्या काळाचे केवळ गोडवे गाऊ नयेत. कृष्णवर्णीय तरुणांना घेतले जात असे, पण १९३५ पासून त्यांच्या छावण्या सक्तीने वेगळ्या ठेवण्यात आल्या, आणि मुलींना या योजनेत प्रवेशच नव्हता. मुलींच्या दृष्टीने चित्र बदलण्यात एलिझाबेथ कुशमन टायटस यांचा वाटा मोठा आहे. वासर कॉलेजात शिकत असताना १९५५ मध्ये आपल्या प्रबंधात त्यांनी विद्यार्थ्यांच्या संवर्धन दलाचा आराखडा मांडला, आणि १९५७ मध्ये ऑलिम्पिक आणि ग्रँड टेटन या दोन राष्ट्रीय उद्यानांत विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकड्या कामाला लागल्या. त्यातून उभी राहिलेली स्टुडंट कॉन्झर्व्हेशन असोसिएशन आजही चालू आहे. कॉलेजातल्या एका मुलीच्या लेखी कामातून एवढी संस्था उभी राहते, तेव्हा सावली यांच्या घरच्यांनी अभ्यास आणि हे काम यांना परस्परविरोधी मानू नये असे मला वाटते.

१९७० मध्ये पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी यूथ कॉन्झर्व्हेशन कोअर आली आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी कॅलिफोर्निया कॉन्झर्व्हेशन कोअर सुरू केली. आज ठिकठिकाणी ज्या राज्यस्तरीय आणि खासगी ना-नफा संस्था क्रू पाठवतात त्या बऱ्याच अंशी याच परंपरेतल्या आहेत.

पाऊलखूण

सावली, आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच व्यक्तीपाशी येऊन थांबतात, ती म्हणजे क्रू लीडर. संस्थेचे नाव कितीही मोठे असले तरी डोंगरात ती संस्था म्हणजे एक-दोन माणसे असतात. म्हणून मुलाखतीत आपल्या मुलीने स्वतः विचारावे, लीडरला रानातल्या प्रथमोपचाराचे कोणते प्रशिक्षण दिले आहे? यात दोन पातळ्या आहेत. दोन दिवसांचा, साधारण १६ तासांचा वाइल्डरनेस फर्स्ट एड हा प्राथमिक अभ्यासक्रम, आणि ७० ते ८० तासांचा वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर. रुग्णालयापासून अनेक तासांच्या अंतरावर राहणाऱ्या क्रूमध्ये निदान एका व्यक्तीने दुसरा अभ्यासक्रम केलेला असावा. त्यानंतर विचारावे, उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र किंवा उद्यानाचा रेडिओ क्रूकडे असतो का, रोज संध्याकाळी कोणाशी संपर्क होतो, आणि जखमी माणसाला बाहेर काढण्याचा आराखडा त्या विशिष्ट जागेसाठी लिहिलेला असतो का. जी संस्था चांगली चालते तिच्याकडे या प्रश्नांची उत्तरे तयार असतात आणि प्रश्न विचारल्याबद्दल तिथल्या लोकांना बरेच वाटते.

लोकांना अस्वलाची भीती वाटते, पण माझ्या पाहण्यातल्या दुखापती बहुधा साध्या होत्या. पाय मुरगळणे, बोट दगडाखाली चेमटणे, पाठ धरणे, उन्हाचा त्रास, न गाळलेल्या पाण्याने पोट बिघडणे. गंभीर धोका वरून असतो. वाळलेल्या झाडाची अर्धवट मोडून लटकलेली फांदी वाऱ्याशिवायही सुटते, आणि वणव्यात जळून उभ्या राहिलेल्या खोडांच्या खाली तर तंबूसुद्धा लावू नये. काम सुरू करण्यापूर्वी आणि तंबू ठोकण्यापूर्वी मान वर करून पाहणे ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी लागते. अवजार चालवणाऱ्या दोन माणसांत निदान दहा फूट अंतर, वाटेने जाताना धारदार अवजार खांद्यावर न टाकता उताराच्या बाजूच्या हातात खाली धरणे, म्हणजे तोल गेलाच तर ते दूर फेकता येते, आणि डोक्यावर शिरस्त्राण, या गोष्टींवर मी कधीही सवलत दिली नाही.

मुलींबद्दल सांगायचे तर माझ्या बहुतेक क्रूंमध्ये निम्म्या मुली होत्या, आणि काही संस्था केवळ मुलींचे किंवा स्त्रियांचे क्रूही पाठवतात. तरीही संख्या हा पुरेसा निकष नाही. लीडरच्या वागण्याबद्दलच तक्रार असली तर ती कोणाकडे करायची, आणि हिच चालू असताना ती त्याच्या नकळत कशी पोचवायची, हे संस्थेने पहिल्याच आठवड्यात सांगितले पाहिजे. एका संस्थेत ही व्यवस्था अशी होती की संपर्काचे यंत्र फक्त लीडरच्याच ताब्यात असे. मी तिथे असताना याविरुद्ध बराच आग्रह धरला आणि ती पद्धत बदलली गेली. आपल्या मुलीने हा प्रश्न अवश्य विचारावा.

टेहळणी

मला या चर्चेत मोबदल्याचा मुद्दा मांडायचा आहे, कारण तो नेहमी शेवटी आणि हळू आवाजात मांडला जातो.

पाऊलखूण यांनी वर्णन केलेले काम कुशल कामगाराचे आहे. परंतु बऱ्याच क्रूंमध्ये त्याला पगार न देता निर्वाहभत्ता दिला जातो, कारण ती जागा अमेरिकोअर या संघराज्याच्या सेवायोजनेखाली येते आणि कायद्याच्या भाषेत ती नोकरी नसून सेवा असते. त्या भत्त्याला आठवड्याच्या तासांनी भागून पाहिले तर आकडा अनेकदा खिन्न करणारा येतो. सेवा पूर्ण केल्यावर शिक्षणासाठी एक रक्कम मिळते, आणि पूर्ण वेळाच्या म्हणजे १,७०० तासांच्या सेवेसाठी ती संघराज्याच्या पेल अनुदानाच्या, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी मिळणाऱ्या मदतीच्या, कमाल रकमेइतकी असते. अलीकडच्या वर्षांत हा आकडा ७,३९५ डॉलर होता. उन्हाळ्यापुरते ३०० किंवा ४५० तास करणाऱ्याला त्याच्या काही अंशानेच रक्कम मिळते. ती कॉलेजचे शुल्क किंवा शैक्षणिक कर्ज यांसाठी सात वर्षांच्या आत वापरावी लागते, आणि ज्या वर्षी वापराल त्या वर्षी तिच्यावर आयकर लागतो. भत्ताही करपात्र असतो. ही माहिती जाहिरातीत सहसा ठळक नसते.

परिणाम असा होतो की ज्यांच्या घरून फोनचे बिल, गाडीचा विमा आणि हंगाम संपल्यावरचा निवारा यांची सोय होते त्यांनाच हे काम परवडते. सार्वजनिक जमिनीवरचे काम सर्व थरांतल्या तरुणांना मिळावे असे आपल्याला वाटत असेल तर सेवेच्या नावाखाली कमी पैसे देणे थांबले पाहिजे. १९३३ मधल्या त्या ३० डॉलरांतले साधारण २५ घरी कुटुंबाला जात, हे दगडफूल यांनी लिहिलेच आहे. कॅलिफोर्नियाच्या राज्य दलाचे घोषवाक्यच कष्टाचे काम, कमी पगार, खडतर परिस्थिती आणि आणखी बरेच काही, अशा अर्थाचे आहे, आणि तो प्रामाणिकपणा मला आवडतो. त्या दलात निदान राज्याचे किमान वेतन मिळते.

पाऊलखूण

टेहळणी यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. काम शिकायला जावे असे मी म्हणते त्याचा अर्थ शिकणाऱ्याला कमी द्यावे असा कोणी काढू नये. माझ्या क्रूमधली एक अतिशय समर्थ मुलगी, जिच्यासारखा दगड बसवणारे मी फार थोडे पाहिले, पुढच्या हंगामाला केवळ पैशांअभावी येऊ शकली नाही, आणि ते आठवले की मला आजही वाईट वाटते.

ओढ्याकाठी

माझा अनुभव पायवाटांचा नाही, म्हणून वेगळे चित्र मांडतो. मी नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी नद्यांच्या काठी टॅमरिस्क काढणाऱ्या क्रूमध्ये होतो. हे झुडूप एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी आणि काठ धुपू नयेत म्हणून बाहेरून आणले गेले आणि पुढे कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात पसरत गेले. त्याची दाट रांग काठावर वाढली की विलो आणि कॉटनवुड या स्थानिक झाडांना जागा राहत नाही, त्याच्या गळलेल्या पानांतले क्षार मातीच्या वरच्या थरात साठतात, आणि ते पेटते चटकन.

हे झुडूप नुसते कापले तर बुंध्यापासून जोमाने पुन्हा फुटते. म्हणून एक जण चेनसॉने, म्हणजे यंत्रावर फिरणाऱ्या साखळीच्या करवतीने, जमिनीलगत कापतो, दुसरा फांद्या ओढून रचतो, आणि तिसरा कापल्यापासून काही मिनिटांच्या आत ओल्या बुंध्याच्या कडेला तणनाशक लावतो. उशीर झाला तर काप सुकतो, औषध आत शिरत नाही आणि सगळी मेहनत फुकट जाते. त्यामुळे तिघांची गती जुळावी लागते. दिवसभर हेच, दुसऱ्या दिवशी हेच, आणि नदीचे वळण पार केले की पुढे पुन्हा तेवढीच हिरवी भिंत. पायवाट बांधणाऱ्याला संध्याकाळी मागे वळून आपण काय बांधले ते दिसते. आम्हाला मात्र उघडी जमीन आणि फांद्यांचे ढीग दिसत. मला या कामाचे महत्त्व खऱ्या अर्थाने कळले ते नंतर, जेव्हा आधीच्या हंगामांत साफ केलेल्या पट्ट्यात आम्हाला नेऊन विलोची नवी रोपे दाखवण्यात आली. असे दाखवणे प्रत्येक संस्थेने आपल्या कार्यक्रमात ठेवायला हवे, कारण माणूस कष्टाला कंटाळत नाही, ते कशासाठी आहेत हे दिसेनासे झाले की कंटाळतो.

चेनसॉ शिकायला मिळते म्हणून बरेच जण अशा क्रूकडे येतात. त्यांना एवढेच सांगेन की यंत्र चालवणे हा त्यातला सोपा भाग आहे. पडलेल्या खोडावर ताण कुठे आहे आणि दाब कुठे आहे हे ओळखणे अवघड असते. खोड दोन टोकांवर टेकलेले असेल तर वरून दाब आणि खालून ताण असतो. वरूनच कापत गेलात तर काप मिटतो आणि पाते अडकते. एकाच टोकावर टेकलेले असेल तर सगळे उलट. कापायला सुरुवात करण्यापूर्वी आमची लीडर प्रत्येकाकडून हे मोठ्याने वदवून घेत असे. आणि मांड्यांवरचे संरक्षक आवरण, ज्याच्यातले धागे साखळीत गुंतून ती थांबवतात, ते उष्णता असह्य झाली तरी काढायचे नसते. उष्णता असह्य झाली असेल तर काम थांबवावे, आवरण काढू नये.

सावली

सर्वांच्या लिहिण्यामुळे बरेच स्पष्ट झाले. मुलीने संस्थेला प्रश्न विचारले. लीडरपैकी एक जण फर्स्ट रिस्पॉन्डर आहे आणि उपग्रहाच्या यंत्रापर्यंत क्रूमधल्या प्रत्येकाला पोचता येते, असे उत्तर आले. कॉलेजनेही प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्यास लेखी संमती दिली आहे, त्यामुळे घरातली एक मोठी चिंता मिटली. आता तिचे वडील विचारतात की या अनुभवाचा पुढे नोकरीसाठी काही ठोस उपयोग असतो का.

टेहळणी

असतो, आणि तो कागदावर लिहिलेला आहे, पण सध्याच्या परिस्थितीत त्यावर फार विसंबू नये.

सार्वजनिक जमिनींवर तरुणांकडून काम करून घेण्याची जी पब्लिक लँड कोअर ही संघराज्याची तरतूद आहे, तिच्याखालच्या प्रकल्पांवर किमान ६४० तास काम केलेल्या आणि इतर अटी पूर्ण करणाऱ्या तरुणांना संघराज्याच्या जमीन व्यवस्थापन खात्यांतल्या काही जागांसाठी खुल्या स्पर्धेबाहेर अर्ज करण्याची मुभा मिळते. २०१९ च्या कायद्याने ही मुभा दोन वर्षांपर्यंत वाढवली. आधी ती केवळ १२० दिवसांची होती. प्रत्येक क्रूचा प्रत्येक प्रकल्प या तरतुदीखाली येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे आणि तासांची नोंद स्वतःही ठेवावी.

दुसरी बाजू अशी की जानेवारी २०२५ मध्ये संघराज्याची नोकरभरती गोठवण्यात आली, आणि एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकोअरची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने रद्द करण्यात आली. काही ठिकाणी तरुणांना हंगाम मध्येच सोडून घरी जावे लागले. पुढे यावर न्यायालयात खटले चालले. यातून घेण्यासारखी खबरदारी म्हणजे संस्थेला सरळ विचारावे की या क्रूचा पैसा कुठून येतो, तो मिळाल्याचा करार झाला आहे का, आणि मध्येच थांबला तर आतापर्यंतचे तास आणि परतीचे भाडे यांचे काय होते.

नवी पालवी

मी विद्यार्थी व्हिसावर पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. उन्हाळ्यात मला अशा क्रूमध्ये जाता येईल का?

टेहळणी

अमेरिकोअरच्या जागांसाठी नागरिकत्व किंवा कायमचा रहिवास आवश्यक असतो, त्यामुळे त्या जागा आपल्याला मिळणार नाहीत. भत्ता घेऊन केलेले काम व्हिसाच्या अटींत बसते का हे ठरवणे नाजूक असते, तेव्हा कोणतीही जागा स्वीकारण्यापूर्वी विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला लेखी विचारावे. पायवाटा सांभाळणाऱ्या स्थानिक मंडळांचे शनिवार-रविवारचे श्रमदान हा जवळचा पर्याय आहे, पण त्याबद्दलही त्याच कार्यालयाला आधी विचारलेले बरे.

पाऊलखूण

नवी पालवी, त्या एकेका दिवसाच्या श्रमदानाला कमी लेखू नये. पाण्याचे आणि दगडाचे नियम तिथेही तेच असतात, आणि तिथे येणारी निवृत्त माणसे अनेकदा मोठे जाणकार असतात. क्रॉसकट करवत लावण्याची, म्हणजे तिच्या दातांना धार देण्याची विद्या मला अशाच एका वृद्ध स्वयंसेवकाने शिकवली.

त्या करवतीबद्दल थोडे लिहिते, कारण सावली यांच्या मुलीचा क्रू राखीव निबिड क्षेत्रात, म्हणजे १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखालच्या जमिनीवर काम करणार असेल तर तिला हीच करवत हाताळावी लागेल. त्या क्षेत्रात मोटारवर चालणारी अवजारे सहसा वापरता येत नाहीत, त्यामुळे वाटेवर पडलेले झाड दोघांनी मिळून लांब करवतीने कापतात. दोघांनी फक्त ओढायचे असते, कोणी ढकलायचे नसते. ढकलले की पाते वाकते आणि अडकते. धार नीट असेल तर भुशाऐवजी लाकडाच्या लांब सळया निघतात, आणि जोडीची लय बसली की करवत जवळजवळ स्वतःच्या वजनाने उतरत जाते. मुले एकमेकांशी किती जुळली आहेत हे मला त्या सळयांच्या लांबीवरून कळत असे. भांडण झालेल्या जोडीच्या हाताखालून हमखास भुसा निघायचा.

रोजच्या हाताचे अवजार मात्र पुलास्की. त्याच्या एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला माती खरवडायचे आडवे पाते असते. एड पुलास्की या वनरक्षकाचे नाव त्याला मिळाले आहे. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि माँटाना भागात जो प्रचंड वणवा पेटला, त्यात त्यांनी आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन त्यांतल्या बहुतेकांचे प्राण वाचवले. या अवजाराचे कुऱ्हाडीचे टोक मातीत मारू नये. मुळांसाठी आडवे पातेच वापरावे, आणि संध्याकाळी कानशीने धार लावल्याखेरीज अवजार ठेवू नये. धार लावणे हे थकलेल्या शरीराला नकोसे वाटते, पण बोथट अवजाराने दुसऱ्या दिवशी दुप्पट थकवा येतो आणि अवजार निसटून लागतेही.

सावली, तयारीबद्दल. शरीर आधीच फार कमावलेले असण्याची गरज नाही, पहिल्या दोन हिचमध्ये ते घडते. जाण्यापूर्वीच्या महिन्या-दीड महिन्यात पाठीवर वजन घेऊन चढ-उतार चालण्याचा सराव केला तर गुडघ्यांना त्रास कमी होतो. सामूहिक स्वयंपाक असतो आणि शिधा संस्थेच्या पैशातून क्रूच घेते, तेव्हा शाकाहाराची किंवा इतर कोणतीही अडचण अर्जातच लिहावी, म्हणजे हिशेब पहिल्यापासून तसा होतो. तंबू आणि झोपण्याची पिशवी पुष्कळ संस्था वापरायला देतात, त्यामुळे यादी हातात आल्याशिवाय खरेदी करू नये.

बुटांवर मात्र पैसे खर्च करावेत. करवतीच्या कामाला जाड चामड्याचे, लेस बांधायचे, घसरू न देणाऱ्या तळव्याचे आणि ८ इंच उंचीचे बूट लागतात. ते नवे असताना पायाला सोलून काढतात, म्हणून निदान तीन-चार आठवडे आधी घेऊन रोज घालून चालावे. संस्थेकडे बुटांसाठी वेगळा भत्ता असतो का हेही विचारावे. काही ठिकाणी तो असतो, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.